नळीबंदी आणि शेजारचा हायड्रेंजिया

इंग्लंडात पाणीटंचाई आहे असं गुहागरला फोनवर सांगितलं, की पलीकडून आधी हसण्याचा आवाज येतो. "अरे, तुमच्याकडे तर रोज पाऊस ना? छत्रीशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही म्हणतात!" इति आमचे काका. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. पण २०२५ चा उन्हाळा ज्यांनी इथे केंटच्या किनाऱ्यावर काढला, त्यांना हसू येणार नाही. आधी इंग्लंडातला शंभराहून जास्त वर्षांतला सर्वांत कोरडा वसंत, आणि त्याच्या पाठोपाठ ब्रिटनमध्ये नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सर्वांत उष्ण उन्हाळा. जुलैत केंट आणि ससेक्समध्ये नळीबंदी आली. म्हणजे नळाचं पाणी झारीने घाला, हरकत नाही. पण नळीने बागेला पाणी घालायचं नाही. घातलंत तर हजार पौंडांपर्यंत दंड.

आकडे बघितले तर काकांचं हसणं अजून वाढेल. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या इथे जेमतेम सातशेच्या आसपास. पण कोकणातला पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. पुढचे आठ महिने वरून काही येणार नाही, हे तिथल्या आंब्या-काजूला ठाऊक असतं. ते मुळं खोल सोडून बसतात. नारळ-पोफळीला ते जमत नाही, म्हणून माणूस आळी करतो, त्यात पातेरा घालतो, शिंपणं करतो. उन्हाळा हा तिथल्या वाडीच्या हिशेबातच धरलेला असतो. इथला पाऊस बाराही महिने थोडा थोडा येतो, आणि बागा त्याच्या भरवशावर उथळ मुळांनी जगतात. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसासारखं. एक पगार चुकला की धाबं दणाणतं.

इंजिनिअर असल्यामुळे मी अर्थातच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमचं लॉन साठ चौरस मीटर. कडक उन्हात गवतातून दिवसाला चार मिलिमीटर पाणी सहज उडतं, म्हणजे रोज २४० लिटर, म्हणजे दहा लिटरच्या चोवीस झाऱ्या. छपराच्या ज्या भागाचं पाणी पिंपात येतं तो चाळीस चौरस मीटर. पाच मिलिमीटरची एक सर आली, तर २०० लिटरचं पिंप भरतं. एकूण काय, आठ-दहा दिवस वाट बघून आलेली सर लॉनने एका दिवसात प्यायली असती. मी लॉनचा नाद सोडला. गवत पिवळं पडलं, मग करडं, शेवटी पायाखाली कुरकुरायला लागलं. पण ते मरत नाही, झोपतं. पाऊस आला की महिनाभरात पुन्हा हिरवं होतं.

खरी गंमत बघायची तर आमच्याकडून डंजनेसला जावं. सिनेदिग्दर्शक डेरेक जार्मन याने १९८६ साली तिथे काळ्या लाकडाचं आणि पिवळ्या खिडक्यांचं एक कोळ्याचं घर विकत घेतलं, प्रॉस्पेक्ट कॉटेज. जवळच अणुवीजकेंद्र, जवळच समुद्र, आणि पायाखाली माती नाहीच, नुसते गोटे. पाऊस पडला की चाळणीतून जावा तसा खाली जातो. वारा खारा. तिथे या माणसाने बाग केली! एड्सने आजारी असताना, १९९४ साली मरेपर्यंत, तो गोट्यांत खड्डे करून शेणखत घालत राहिला. बागेला कुंपण नाही. रस्त्यावरून बघता येते.

ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा आमच्या गल्लीतली निम्मी बाग करपली होती, आणि इथे लॅव्हेंडर, सँटोलिना, सी-केल शांतपणे उभे. कारण साधं आहे. मीठ म्हणजे झाडाला दुष्काळच. काकडीची कोशिंबीर करताना चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं की दहा मिनिटांत ती पाणी सोडते ना, तेच खारा वारा पानांचं करतो. म्हणून किनाऱ्यावरची झाडं वर्षभर दुष्काळाचीच तयारी करून असतात. कुणाच्या पानावर मेणाचा थर, कुणाच्या पानावर पांढरी लव, कुणाचं पान सुईएवढं. सी-केलचं सोटमूळ गोट्यांच्या थरातून खोल उतरतं. वरचे गोटे ऊन अडवतात आणि खालची ओल धरून ठेवतात. आपल्या पातेऱ्याचं काम तिथे दगड करतात! बेथ चॅटो या बाईंनी एसेक्समध्ये जुन्या कार पार्कच्या जागी खडीची बाग केली, तिचंही तत्त्व हेच: एकदा झाड लागलं, की पुन्हा पाणी नाही. ती बाग तीस वर्षांवर टिकून आहे.

तर तर्काने बघितलं की निष्कर्ष सोपा. किनाऱ्यावर राहायचं तर किनाऱ्याची झाडं लावा, तहानलेली काढून टाका. मी घरासमोर तसंच करायला घेतलंय.

अडचण आली ती शेजारच्या आजींच्या हायड्रेंजियाने.

या झाडाच्या नावाचा ग्रीक अर्थच पाण्याचं भांडं. हाताच्या पंजाएवढी पातळ पानं, दुपारी ओल्या फडक्यासारखी लोंबतात. माझ्या कोष्टकात त्याला जागाच नव्हती. पण ते आजींच्या यजमानांनी लावलेलं. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. आजी पंच्याऐंशीच्या, भरलेली झारी काही त्यांना उचलत नाही. त्यांनी मला एका शब्दाने सांगितलं नाही. फक्त १९७६ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगत कुंपणाशी उभ्या राहिल्या: रस्त्यावरच्या नळाला बादल्या घेऊन लागलेल्या रांगा, सगळीकडे लाल ठिपकेदार किडेच किडे, आणि सरकारने ऑगस्टअखेर खास दुष्काळमंत्री नेमला, तर थोड्याच दिवसांत धो धो पाऊस. "तेव्हा आम्ही आंघोळीचं पाणी बागेला घालायचो," म्हणाल्या, आणि हायड्रेंजियाकडे न बघता आत गेल्या.

त्या संध्याकाळपासून आमच्या घरातलं आंघोळीचं पाणी टबात साठायला लागलं. मुलांना सांगितलं, साबण बेताने. ते पाणी त्याच दिवशी वापरायचं, साठवायचं नाही, भाजीला घालायचं नाही. आठवड्यातून दोनदा आठ-आठ झाऱ्या, एकदम, बुंध्याशी. रोज थोडं घातलं की मुळं वरच येतात. काकांना विचारलं तर म्हणाले, "आळं कर आधी, नुसतं काय ओततोस?" मग केंटच्या जमिनीत कोकणी आळं केलं, वर वाळलेलं गवत पसरलं. आजी खिडकीतून बघत होत्या.

फुलं तरी करपलीच. ऑगस्टअखेर ती कागदासारखी तपकिरी झाली, खालची पानं गळली. मी कात्री घेऊन गेलो तर आजींनी थांबवलं. वाळलेली फुलं हिवाळाभर झाडावर ठेवायची, खालच्या कळ्यांना थंडीत तेवढीच ऊब, मार्चनंतर कापायची. हे त्यांना यजमानांनी शिकवलेलं.

पुढच्या उन्हाळ्याचं कोष्टक मी करून ठेवलंय. लॉन: शून्य. समोरची खडीची बाग: पहिलं वर्ष थोडं, मग शून्य. सगळ्यात खाली एक ओळ आहे, शेजारचा हायड्रेंजिया, आठवड्याला १६० लिटर. तिचं समर्थन कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण ती काढलेली नाही.