मेहेरचा हार आणि खड्यांचं वजन

माझ्या निकाहनाम्यात मेहेर म्हणून 'दोन तोळे सोन्याचा हार' असं लिहिलं होतं. मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी तो मोडायला नेला, तेव्हा सोनाराने खडे काढले, आतली लाख काढली आणि काट्यावर साडेचौदा ग्रॅम दाखवले. सासरच्यांनी मात्र पूर्ण वीस ग्रॅमचे पैसे मोजले होते. त्यांना फसवल्याचं कळलं नाही आणि मला माझा हक्क कमी मिळाल्याचंही कळलं नाही.

म्हणून गेल्या महिन्यात भाचीच्या मेहेरचे दागिने घ्यायला मीही सोबत गेले. दुकानदार सारखा 'नऊशे सोळा' म्हणत होता. 916 म्हणजे 22 कॅरेट. हॉलमार्क, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, सगळं ठीक होतं; बीआयएस केअर अ‍ॅपवर नंबर टाकून मी खात्रीही केली. पण हॉलमार्क फक्त शुद्धता सांगतो. हारात सोनं किती नि काच किती, ते बिलावर बघावं लागतं. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलात सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचा खर्च वेगळा दाखवायलाच हवा. आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना तर सक्तीच्या हॉलमार्कमधून सूट आहे. नेमके हेच दागिने आपल्या नवऱ्या अंगावर घालतात!

खैबरच्या वेळचा एक प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत फजाला बिन उबैद यांनी सोनं आणि मणी ओवलेला एक हार 12 दिनारांना घेतला. सुटा केल्यावर त्यात 12 दिनारांहून जास्त सोनं निघालं. तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितलं की, वेगळं केल्याशिवाय असा हार विकू नये. तिथे मुद्दा सोन्याच्या बदल्यात बरोबरीचं सोनं देण्याचा होता, आणि तोटा विकणाऱ्याचा होता. तरी मला त्या दुकानात तोच हार आठवत राहिला.

"खडे वजा करून सांगा," मी म्हटलं. सेट 30.2 ग्रॅम, खडे 3.1. ठरलं होतं तीन तोळे.

"आपा, एवढ्यातेवढ्याचं काय?" दुकानदार हसला. मुलाचे अब्बा हसले नाहीत. त्यांनी 2.9 ग्रॅमची साधी अंगठी काढायला सांगितली.

काझीसाहेबांना मी आणखी एक विनंती केली. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, सराफाचा 10 चा. मग तोळे कशाला लिहायचे? त्यांनी लिहिलं: निव्वळ सोने 30 ग्रॅम, 22 कॅरेट.