बरं वाटत असताना तपासणी

आजार शरीराला कळतो, कागदाला नाही, हे माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याचं अस्तर सुजतं, जखमा होतात, आव आणि रक्त पडतं. औषधांनी सगळं शांत होतं आणि कधीतरी दुखणं पुन्हा उलटतं. शांत काळात डॉक्टर स्टूल टेस्ट लिहून द्यायचे, तेव्हा मला रागच यायचा. रक्त नाही, पोटात कळ नाही, पथ्यपाणी सांभाळलेलं. मग धडधाकट माणसाला पुन्हा रोगी कशाला करायचं? शिवाय तपासणी स्वस्तही नाही.

ही तपासणी नेमकं काय मोजते हे समजत गेलं, तसं माझं मत बदलू लागलं. सूज आली की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून अस्तरात आणि तिथून आतड्याच्या पोकळीत उतरतात, आणि फुटतात. जंतू मारायची सामग्री त्यांच्यात भरलेली असते. इलास्टेज आणि मायलोपेरॉक्सिडेज ही विकरं असतात (पुवाला हिरवट झाक येते ती या मायलोपेरॉक्सिडेजमुळेच), आणि कॅलप्रोटेक्टिन असतं. कॅलप्रोटेक्टिन हेही प्रथिनच, पण ते विकर नव्हे. जंतूंना लागणारं जस्त आणि मँगनीज ते धरून ठेवतं आणि त्यांची उपासमार करतं. पेशी फुटली की हे सगळं मळात मिसळतं. इलास्टेजसारखी विकरंही मळात मोजता येतात, पण रोजच्या वापरात कॅलप्रोटेक्टिनच रुळलं. आतड्यातल्या जिवाणूंना ते सहजी मोडता येत नाही आणि नमुना लॅबमध्ये पोचेपर्यंत टिकतं. म्हणजे आत सूज किती आहे, हे तो आकडा सांगतो. मला कसं वाटतंय याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि थोडी सूज काहीही न दुखवता आत राहू शकते.

तरीही मला पुरतं पटलं नव्हतं. पटलं ते लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासामुळे. क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचे ८० रुग्ण, सगळे शांत काळातले, म्हणजे माझ्यासारखेच. वर्षभरात त्यांतल्या ४४ जणांचा आजार उलटला. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ज्यांचा उलटला त्यांच्या कॅलप्रोटेक्टिनचा मध्यक सुरुवातीला, तेव्हाच्या मोजपद्धतीनुसार, लिटरला १२३ मिलिग्रॅम होता. जे टिकले त्यांचा २९. सुरुवातीला सगळेच ‘मला बरं वाटतंय’ म्हणत होते, आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण बरं वाटण्याच्या आड दोन वेगळी आतडी होती. मी त्यातल्या कुठल्या गटात आहे, हे मला नुसत्या अनुभवावरून कधीच सांगता आलं नसतं.

आकडा कळून उपयोग काय, हा माझा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘काम’ (CALM) चाचणीत मिळतं. क्रोन्सच्या २४४ रुग्णांपैकी निम्म्यांची औषधं मुख्यतः तक्रारींवरून ठरवली गेली, उरलेल्यांची ठरवताना कॅलप्रोटेक्टिन आणि रक्तातलं सूज दाखवणारं सीआरपीही पाहिलं गेलं. ४८ आठवड्यांनी आतड्याचं अस्तर भरून आलेले रुग्ण पहिल्या गटात ३० टक्के होते, दुसऱ्यात ४६ टक्के.

माझ्या जुन्या मतातला एक भाग मात्र मी सोडलेला नाही. एकट्या आकड्यावर विसंबू नये. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी तो वाढतो, पोटाच्या संसर्गानेही वाढतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयही दिसतो, त्यातही तो चढलेला असू शकतो. क्रोन्स की क्षय, हा निवाडा त्यावरून होत नाही. म्हणून तक्रार नसताना निव्वळ रिपोर्ट पाहून औषध वाढवण्याला माझा आजही विरोध आहे. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनची अल्सरेटिव्ह कोलायटिससाठीची २०२३ ची शिफारसही याच बाजूची आहे: तक्रारी नाहीत पण कॅलप्रोटेक्टिन ग्रॅममागे १५० मायक्रोग्रॅमच्या वर आहे, तर अंदाजाने औषध बदलण्यापेक्षा आधी दुर्बिणीने आत पाहावं. दीडशेच्या खाली असेल, तर बहुतेकदा दुर्बिणीशिवाय भागतं. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री पोट साफ करायचं ते औषध ज्यांनी प्यायलंय, त्यांना हे वाक्य केवढ्या मोलाचं आहे ते वेगळं सांगायला नको. आता डॉक्टर विसरले, तर ही तपासणी मीच मागून घेते.