दादीच्या दिव्यासाठी प्रोग्रॅमर

‘एक प्रोग्रॅमर हवाय, स्वस्तातला,’ असे मुलाने सांगितले तेव्हा आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. प्रोग्रॅमर म्हणजे हिंजवडीला नोकरी करणारा माणूस, एवढेच आम्हाला ठाऊक. तो हसला. "अब्बू, माणूस नाही. चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं छोटं यंत्र असतं ते."

गरज घरातलीच होती. आमच्या अम्मीजानना दोन वर्षांपासून कमी ऐकू येते. आम्ही दोघे पहिल्या पाळीला महाळुंग्यातल्या कारखान्यांत, घरी त्या एकट्या. जुलैत एकदा मुलगी शाळेतून आली आणि बेल वाजवत पाऊण तास दारात भिजत उभी राहिली. आत दादी तांदूळ निवडत बसलेल्या. नंतर कळले तेव्हा त्या जेवल्या नाहीत. तेव्हा मुलाने ठरवले, बेलचे बटण दाबले की दादीच्या पलंगाजवळचा दिवा मिनिटभर लुकलुकला पाहिजे.

प्रदर्शनासाठी घेतलेला आर्दुइनो उनो बोर्ड घरात होता. तो कायमचा दिव्यात अडकवायला पोरगा तयार नव्हता. एवढ्या कामाला एटीटायनी८५ ही आठ पायांची चिप पुरते. पण उनोत प्रोग्रॅम थेट यूएसबीने जातो, सुट्या चिपला ती सोय नाही.

त्या महिन्यात ओव्हरटाइम बंद होता, त्यामुळे शंभराच्या नोटेचाही हिशेब होता. रविवारी पीएमपीच्या बसने बुधवार पेठेत तापकीर गल्लीला गेलो. आम्ही किंमत विचारली, दुकानदाराने उलट विचारले, "चिप कोणती?" तिथेच निम्मा उलगडा झाला. पीआयसी जातीच्या चिपला पिककिट, एसटीएम३२ला एसटी-लिंक, एव्हीआरला यूएसबीएएसपी. आमची चिप एव्हीआर. यूएसबीएएसपीचा आराखडा थॉमस फिशल यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे, कोणीही बनवू शकतो, म्हणून तो इतका स्वस्त. अडीचशेच्या आत काम झाले. दहा पिनांच्या वायरला सहा पिनांचा जोड मात्र वेगळा घ्यावा लागला. पाच व्होल्ट की ३.३, हे ठरवणारा जंपरही दुकानातच पाहून घेतला, कारण ३.३ व्होल्टवर चालणारा सेन्सर जोडलेला असताना पाच व्होल्ट गेले तर तो जळू शकतो.

घरी येऊन जोडले तर चिप उत्तरच देईना. मुलगा रात्री अकरापर्यंत वायरी काढत-घालत बसला आणि शेवटी रडकुंडीला आला, "पैसे वाया घालवले मी." आम्हीही मनातून तेच म्हणत होतो, उगाच कशाला नाही म्हणा!

दोष यंत्राचा नव्हता. नवी एटीटायनी८५ कारखान्यातून १ मेगाहर्ट्झ वेगावर येते. प्रोग्रॅमरने तिच्याशी त्याच्या चौथ्या हिश्शाहून, म्हणजे २५० किलोहर्ट्झहून, कमी वेगाने बोलायचे असते. आमचा ३७५ने बोलत होता. बोर्डावर जेपी३ लिहिलेल्या दोन छिद्रांत तारेचा तुकडा डाखला, वेग उतरला आणि चिप बोलू लागली.

गंमत पुढेच आहे. त्याच्या सरांनी सांगितले, उनोवर ‘आर्दुइनो आयएसपी’ हा तयार प्रोग्रॅम चढवला, सहा वायरी जोडल्या आणि रिसेट व ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की उनोच प्रोग्रॅमर होतो. म्हणजे एकच चिप भरायची असती तर तापकीर गल्लीला जायचीही गरज नव्हती! तरी घेतल्याचे वाईट वाटत नाही. ब्रेडबोर्डवरच्या वायरी सारख्या निघतात, आणि उनो दुसऱ्या कामाला मोकळा राहतो.

चिपचे फ्यूज मात्र हौसेने बदलू नका. रिसेटचा पाय बंद करणारा फ्यूज चुकून लावला की या स्वस्त यंत्राने ती चिप पुन्हा उघडत नाही, १२ व्होल्टचे वेगळे साधन लागते. आमची एक तशीच डबीत पडून आहे.

दिवा ऑगस्टपासून चालू आहे. अम्मीजान दुपारी झोपताना त्यावर ओढणी टाकतात, डोळ्यांवर येतो म्हणून. त्यावरून नातवाचे आणि त्यांचे रोज भांडण होते.