साडीतला समुद्र

1994 च्या जानेवारीत आम्ही दोघं अंदमानला निघालो, तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात समोरच्या काकांनी ह्यांना विचारलं, "काय गुन्हा केला बाप्पा? काळ्या पाण्यावर काहून चालले?"

प्रश्न थट्टेतला होता, पण अगदीच गैर नव्हता. नागपूरचं जोडपं तेव्हा फिरायला जायचं ते चिखलदऱ्याला, फार तर पचमढीला, आणि तेही लग्नाच्या पहिल्या वर्षात. त्यानंतर तो विषयच संपायचा. पुढचे प्रवास म्हणजे लग्नकार्यं, तिरुपती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना मामाकडे पोचवणं. समुद्र आम्ही पाहिला होता तो गिरगाव चौपाटीवर, हातात भेळ धरून. पाण्याशी ओळख म्हणाल तर अंबाझरी, फुटाळा आणि रामटेकला गेलं तर खिंडसी.

हे केंद्र सरकारच्या नोकरीत. एलटीसीचा, म्हणजे सरकारी प्रवासखर्चाचा, 1990 ते 93 चा ब्लॉक संपून सवलतीचं वर्ष लागलं होतं. हक्काची एलटीसी वाया जाऊ देणं आमच्या घरात बसत नव्हतं, पण नवराबायकोनं मौजेसाठी एवढ्या लांब जाणं त्याहूनही बसत नव्हतं. वाट काढली ती सावरकरांच्या नावानं. सासऱ्यांच्या कपाटात 'माझी जन्मठेप' होतं. सासूबाईंना सांगितलं, सेल्युलर जेलचं दर्शन घेऊन येतो. तीर्थयात्रेला नाही कोण म्हणणार? मुलीला त्यांनी आनंदानं ठेवून घेतलं आणि वर शेव-चिवडा, पुडाच्या वड्या, संत्र्यांची करंडी असं आठ माणसांचं सामान बांधून दिलं. समुद्र आम्ही त्या सामानाखाली लपवून नेला.

जीटी एक्सप्रेसनं मद्रास आणि तिथून 'हर्षवर्धन' ही बोट. विमान होतं, पण ते साहेब लोकांसाठी. बोटीला तीन दिवस लागायचे. आमचं तिकीट बंक क्लासचं होतं, म्हणजे बोटीच्या पोटात एकावर एक लोखंडी पलंगांच्या रांगा, इंजिनाची घरघर, डिझेलचा वास आणि त्यात मिसळलेला माणसांचा वास. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी बंक क्लासच्या संडासात एकदा जाऊन यायला हवं होतं. ह्यांना बोट लागली. मद्रासचा धक्का दिसेनासा होण्याआधीच लागली. लिंबू हुंगत, आवळासुपारी चघळत ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. मला मात्र काहीच झालं नाही, याचं ह्यांना अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या रात्री जरा बरं वाटल्यावर ते वर डेकवर आले. डेकवर तमिळ मजूर, बंगाली कुटुंबं, सुट्टीवरून परतणारे जवान, सगळे चटया टाकून झोपले होते. आम्ही कठड्याशी बसलो. बोटीच्या मागच्या फेसात हिरवट ठिणग्या उडत होत्या. त्या कसल्या, हे सांगायला कोणी नव्हतं. आम्ही आपापसात ठरवून टाकलं की फॉस्फरस असेल. वाड्यात आमच्या खोलीला दार होतं, पण भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती. पलीकडे दीर-जाऊ. लग्नानंतर एवढी वर्षं आम्ही जे बोललो ते कुजबुजत, आणि तेही बहुतेक किराणा आणि मुलीच्या खोकल्याबद्दल. त्या डेकवर शेकडो अनोळखी माणसांत आम्हाला पहिल्यांदा मोठ्यानं बोलता आलं. आपण नववीत नापास झालो होतो, हे ह्यांनी मला तिथं सांगितलं. घरात कोणी त्याचा उच्चारही करत नसे. मी म्हणाले, मला बीएड करायचंय. ते म्हणाले, "मग कर ना, अडवलं कोणी?" अडवलं कोणीच नव्हतं, पण वाड्यात ते वाक्य म्हणायला जागा नव्हती. पुढं निवृत्त होईपर्यंत मी शाळेत शिकवलं, त्याची सुरुवात ही अशी बंगालच्या उपसागरात झाली.

पोर्ट ब्लेअरला हॅडोच्या धक्क्यावर उतरलो आणि शब्द दिल्याप्रमाणे आधी जेल गाठला. 1896 ते 1906 अशी दहा वर्षं बांधकाम चाललेल्या त्या इमारतीच्या सात शाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर सरकारी रुग्णालय आहे. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्याच्या टोकाला. ह्यांनी तिथं डोकं टेकवलं. माझी नजर दाराच्या कडीवर गेली. कडीचा दांडा दारापासून लांब, बाहेरच्या भिंतीत केलेल्या खाचेत जाऊन अडकतो. आतल्या माणसानं गजातून हात कितीही लांबवला तरी पोचू नये अशी सोय. 1911 ते 1921 मधला बराच काळ माणूस या दाराआड होता. मी शिकवलेल्या इतिहासाच्या सगळ्या धड्यांत ती कडी कुठंच नव्हती, म्हणून मी ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची.

तीर्थयात्रा झाली, आता समुद्र. वांडूरच्या धक्क्यावरून जॉली बॉय बेटाला होडी जायची. 1983 साली हा सगळा भाग सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला, त्यामुळे बेटावर वस्ती नाही, टपरी नाही. तळाला काच बसवलेल्या होडीतून प्रवाळ दाखवत. पण होडीवाल्याकडे रबराची ट्यूब आणि एक मास्क होता आणि तो म्हणाला, "दीदी, पाण्यात तोंड घाला, मग दिसेल." मी साडीत होते. पंजाबी ड्रेस घालायला आमच्याकडे तेव्हा मनाई नव्हती, पण सवयही नव्हती. पदर खोचला, निऱ्या घोट्याच्या वर घेतल्या आणि ह्यांचा हात धरून पाण्यात शिरले. सुती साडी भिजली की तिचं वजन किती होतं ते एकदा अनुभवावंच. निऱ्या सुटून पायांभोवती फिरू लागल्या. ट्यूबमध्ये अडकून मी मास्क लावला आणि तोंड पाण्यात घातलं.

सांबरशिंगी प्रवाळांचं रान होतं. जांभळी टोकं, पिवळी टोकं. मधे अक्रोडाच्या गरासारखे वळ्यावळ्यांचे गोळे. एक भला मोठा शिंपला, त्याचे ओठ निळे-जांभळे, आणि माझी सावली पडताच तो मिटला. दोनतीन श्वास पाहिलं असेल, तेवढ्यात नाकात पाणी गेलं. ह्यांनी मला ओढून बाहेर काढलं आणि माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते, कारण पोहता दोघांनाही येत नव्हतं. त्या दमट हवेत साडी दोन दिवस वाळली नाही. फॉलमधली वाळू मी नागपूरला आल्यावर उसवून काढली.

छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये या सगळ्याचा एकही फोटो नाही. कॅमेरा होडीवाल्याच्या हातात द्यायला ह्यांचा जीव झाला नाही. घरी पाठवलेलं 'सुखरूप पोचलो'चं पत्र आमच्या नंतर नागपूरला पोचलं. सासूबाईंनी ते आम्हाला वाचून दाखवलं.

गेल्या वर्षी, 2025 च्या जानेवारीत, लेकीनं पुण्यात बसून मोबाईलवर आमची सहल बुक केली. कोणाला काही कारण द्यावं लागलं नाही. पण गंमत अशी की आता सगळं उलटं झालंय. तिनं पाठवलेल्या वेळापत्रकात स्कूबा, कायाक, पॅरासेलिंग हे ठळक अक्षरांत आणि जेल 'पहिला दिवस, संध्याकाळी' असा कोपऱ्यात. कोलकात्याला विमान बदलून दुपारपर्यंत पोचलो. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम आहे आणि विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचा, त्याची नवी इमारत 2023 ची. ह्यांना विमान लागलं नाही. त्याचंही त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

1994 ला हॅवलॉक बेटाचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना तिथं जमिनी दिल्या. गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर ही त्यांनी वसवलेली गावं. 2004 मध्ये 'टाइम' मासिकानं राधानगरचा किनारा आशियात सर्वोत्तम ठरवला आणि 2018 मध्ये बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं. आता तिकडं खाजगी कॅटामरान जाते. एसी, बंद काचा, विमानासारख्या खुर्च्या. दोनेक तासांत पोचलो, आणि समुद्राचा वाससुद्धा आला नाही.

स्कूबाच्या दुकानात फॉर्म भरायचा होता. दमा आहे का, हृदयविकार आहे का, रक्तदाब आहे का. ह्यांनी प्रामाणिकपणे रक्तदाबावर खूण केली आणि तिथंच त्यांचा पत्ता कटला. माझं सगळं 'नाही'. डॉक्टरचं पत्र लेकीनं आधीच आणवून घेतलं होतं. पोहता येत नाही म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "आंटी, पोहायचं नाहीच, फक्त श्वास घ्यायचा." मग तो रबराचा सूट. त्यात शिरायला दोन मुली मदतीला लागल्या. एक ओढत होती, एक कोंबत होती. साठी उलटलेली बाई, अंगाला चिकटलेला काळा सूट, आणि किनाऱ्यावर माझी चप्पल हातात धरून उभे असलेले हे. वाड्यातलं कोणी पाहिलं असतं तर! पण मला लाज वाटली नाही हो. निऱ्या सांभाळायच्या नव्हत्या, हेच केवढं सुख.

कान दुखले की नाक दाबून फुंकर मारायची. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अंगठा वर केला तर मुलगा वर घेऊन जाणार. माझ्या पाठीच्या टाकीला धरून तो मला हळूहळू खाली नेत होता. मी खाली बराच वेळ होते, नाकात थेंब गेला नाही. माशांचा थवा माझ्या हातावरून गेला, त्याला माझी पर्वा नव्हती. पण प्रवाळ? मधेमधे होतं, चांगलंही होतं. बाकी ठिकाणी करडा, मोडक्या काड्यांचा खच. 1998, 2010, 2016, दर वेळी समुद्राचं पाणी तापलं आणि अंदमानातलं प्रवाळ पांढरं पडलं. ज्याच्यामुळे त्याला रंग आणि अन्न मिळतं ते सूक्ष्म शेवाळ उष्णतेनं बाहेर फेकलं जातं. त्यात 2004 ची त्सुनामी. पोर्ट ब्लेअरची जमीन त्यामागच्या भूकंपात मीटरभर खचली. वांडूरच्या वाटेवर सिप्पीघाटला पूर्वी शेतं पाहिली होती, तिथं खारं पाणी शिरलं आणि राहिलं. तेव्हा पाहायला होतं आणि मला पाहता येत नव्हतं. आता मी निवांत पाहू शकते, तर असं.

माझा व्हिडिओ मात्र उत्तम आलाय. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून इंटरनेटची केबल आल्यामुळे मी अंग पुसेपर्यंत तो नागपूरच्या भिशीच्या ग्रुपवर पोचला होता. जाऊबाईंचं उत्तर आलं, "ही कोण?"

रात्री कायाक. साडेपाचलाच अंधारून येतं तिथं, घड्याळ आपलंच असलं तरी. यात फॉर्म नव्हता, म्हणून हेही बसले. एकाच कायाकमध्ये पुढं मी, मागं हे, आणि डावीकडं की उजवीकडं यावरून भांडत आम्ही जागच्या जागी गोल फिरत राहिलो. शेजारच्या कायाकमधली नवी जोडपी शिस्तीत पुढं गेली. मग आमच्या गाईडनं वल्हं पाण्यात आपटलं आणि हिरव्या-निळ्या ठिणग्या उडाल्या. तो सांगू लागला की पाण्यातले सूक्ष्म जीव धक्का बसला की उजळतात. हे म्हणाले, "अगं, हे तर हर्षवर्धनवर फुकट होतं." गाईडचं वय पाहता त्याला हर्षवर्धन माहीत असणं शक्य नव्हतं.

बाराटांग बेटावरच्या गुहांना आम्ही गेलो नाही. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बंद करायला सांगितलं होतं, तरी गाड्यांचे ताफे चालूच आहेत. 'फोटो काढायला मनाई' असं बजावलेल्या गाडीत बसून माणसं शोधत जायचं, हे आम्हा दोघांनाही पटलं नाही. या बाबतीत आमचं भांडण झालं नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

जेलमध्ये या वेळी गर्दी होती. कोठडीपाशी नवी जोडपी सेल्फी घेत होती, आणि हे पुटपुटले. मी म्हटलं, गप्प बसा, आपणही सावरकरांना पुढं करूनच इथं आलो होतो. त्यातल्या एका मुलीनं कडीच्या खाचेत हात घालून पाहिला आणि नवऱ्याला आत उभं करून बाहेरून म्हणाली, "आता पोचव बरं हात." तो पोचेना. मग ती हसायची थांबली. तो बाहेर आल्यावर तिनं कडी एकदा स्वतः लावून, काढून पाहिली.

आता ह्यांचं म्हणणं असं की पुढच्या वेळी चेन्नईहून बोटीनं जाऊ, बोटी अजून चालतात. मी सांगितलं, तुम्ही या बोटीनं, मी विमानानं पुढं जाते आणि हॅडोच्या धक्क्यावर न्यायला येते. त्यावर ते म्हणाले, डेकवर एकटं बसून काय करू? कालपासून केबिनचं भाडं शोधून कागदावर लिहून ठेवलंय त्यांनी. संडासाचं काय, ते अजून विचारलेलं नाही म्हणतात.