उत्तरेचं ऊन

अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा समितीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "यंदा लिहिण्यासारखं काही घडलंच नाही हो!" ना भारतवारी, ना नवी नोकरी, ना मोठं आजारपण. फोन ठेवल्यावर मात्र जाणवलं, न्यूझीलंडला आल्यापासून काही न घडलेलं असं वर्ष आम्हाला पहिल्यांदाच मिळालं. मग त्याबद्दलच लिहायचं ठरवलं.

अकरा वर्षांत भाड्याची चार घरं झाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं खोक्यांत. भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाची परवानगी हवी, म्हणून देवांच्या तसबिरीसुद्धा कपाटात उभ्या. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये लोअर हटला एक जुनं लाकडी घर घेतलं. चाव्या हातात आल्या त्याच दिवशी कऱ्हाडला आईला फोन केला.

तिचा पहिला प्रश्न, "दार कुठल्या दिशेला?"

"दार दक्षिणेला, पण मोठ्या खिडक्या उत्तरेला."

पलीकडे शांतता. मग मी भूगोलाचा तास घेतला. इथे सूर्य उगवतो पूर्वेलाच, पण माथ्यावर येताना उत्तरेच्या बाजूने येतो. घरात ऊन येतं ते उत्तरेकडून, आणि दक्षिणेकडून येतो तो अंटार्क्टिकाचा गार वारा. म्हणून इथले एजंट उत्तरेच्या खिडक्या कौतुकाने दाखवतात.

"म्हणजे शास्त्र उलटं धरून वाचायचं," आई म्हणाली. "बरं."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. नंतर लक्षात आलं, नेहमीचा प्रश्न तिने विचारलाच नव्हता. अकरा वर्षं दर रविवारी ती विचारायची, "कायमचे परत कधी येणार?" आणि मी म्हणायचो, "बघू." त्यानंतर तिने तो कधीच विचारला नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

घरात पहिला खिळा ठोकला तो सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या मखरासाठी. शेजारच्या अंगणात कोफाईचं झाड पिवळ्या फुलांनी लगडलं होतं आणि आरती चालू असताना टुई पक्षी त्यातला मध पीत होते. संक्रांतीला ऐन उन्हाळ्यात घाम पुसत तिळगूळ वाटला. एप्रिलमध्ये शेजारच्या आजींनी फिजोआची पिशवी दारात ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. शेवटी सौ.ने त्याचा मुरांबा केला आणि त्यांनाच बरणीभर परत दिला. हिवाळ्यात रोज सकाळी खिडक्यांच्या काचांवरचं पाणी पुसायचं काम माझ्याकडे आलं. वर्षभरातल्या मोठ्या घडामोडी म्हणाल तर या एवढ्याच.

आईची एक इच्छा होती, नव्या घरातल्या तुळशीला आपल्या परसातली मूठभर माती असावी. इथे बुटाला चिकटलेला चिखलसुद्धा विमानतळावर तपासतात, माती कुठली आणू देणार? मंडळाच्या एका काकूंनी त्यांच्याकडचं तुळशीचं रोप दिलं. मी बिचकत आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "असू दे. रोपाला जिथं वाढायचंय, तिथलीच माती बरी." कडाक्याच्या थंडीत ती कुंडी आत, उत्तरेच्या खिडकीपाशी असते. पानं गळाली, पण खोड हिरवं आहे.

मग या जुलैत एका रात्री घर हललं. वेलिंग्टनच्या परिसरात हे नवीन नाही. मुलं शाळेत शिकवल्याप्रमाणे टेबलाखाली जाऊन बसली. दहा-बारा सेकंदांचाच खेळ, पण आपल्या नावावरचं घर हलताना पोटात वेगळाच गोळा येतो. मी न राहवून आईला फोन लावला.

"घर करकरलं का?" तिने विचारलं.

"खूप."

"मग चांगलं. आमचं दगडमातीचं करकरलं नाही. सरळ खाली बसलं."

आईचं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. तिला आजोबांनी अंगावरच्या वाकळेसकट उचलून बाहेर आणलं, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवशी तिने पुढचं सांगितलं. कित्येक दिवस सगळे खळ्यात, ताडपत्रीखाली झोपले. आजोबांनी त्याच जागी पुन्हा घर उभं केलं, तरी रात्री आत निजायला कुणी धजेना.

"मग कधी निजायला लागलात?" मी विचारलं.

"वर्षभर काही झालं नाही, तेव्हा. घर बांधून होतं, पण आपलं व्हायला असं एक वर्ष लागतं. तुमचं झालं की आता."

मी काचेवरचं पाणी पुसत होतो. आता कऱ्हाडच्या घरात ती एकटीच. संध्याकाळी दिवा लावते, बातम्या बघते, कडी लावून झोपते. तिला इथे आणायचं तर ते घर बंद होणार, हे आम्हा दोघांनाही कळतं. बोलत कुणीच नाही. तरीही मी विचारलं, "आई, तू कधी येतेस? थोडे दिवस तरी. उत्तरेचं ऊन बघायला."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "बघू."

तिने होकार दिला, तर पुढच्या अंकात कळवेनच.