ड्रमवर काय लिहिले आहे?

इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवरच्या विहारात आम्ही अभ्यासवर्ग घेतो. तिथला एक पोरगा रबराचे सील आणि गॅस्केट बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. ड्रममध्ये काय असते, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "दादा, लेबल इंग्लिशमध्ये असतं. सायब म्हणतात, काय होत नाय."

उष्णता, तेल, आम्ल सोसणारे खास रबर आणि टेफ्लॉनसारखे प्लास्टिक यांत फ्लोरिन असते. ते बनवण्याच्या साखळीत पीफास गटातली रसायने येतात. कार्बन-फ्लोरिनची जोड इतकी घट्ट, की माती, पाणी, रक्त कुठेही ती सहजी तुटत नाही. त्यातल्या पीएफओएमुळे माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ साली जाहीर केले. या पोराच्या ड्रममध्ये तेच असेल असे आम्ही म्हणत नाही. पण त्याला सांगणार कोण?

इटलीतल्या व्हिचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना ही रसायने बनवत होता. त्याने भूजल नासवले, सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला. २०१८ साली कारखान्याचे दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ११ जणांना तुरुंगवास सुनावला. यंत्रे मात्र भंगारात गेली नाहीत. ती लक्ष्मी ऑरगॅनिक कंपनीने घेतली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीत आणली.

इथल्या कंपनीने नियम मोडला असा आमचा आरोप नाही. मोडायला नियम तरी कुठे आहे? पिण्याच्या पाण्याचे आपले मानक आयएस १०५०० : २०१२. त्यात पीफासची मर्यादाच दिलेली नाही. तिकडे शिक्षा झाली, कारण तिकडच्या आयांनी मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात घेऊन रस्ता धरला.

१९२७ साली आपण पाण्यासाठी महाडला गेलो. आज त्याच महाडला रसायनांची एमआयडीसी आहे. दर २० मार्चला आपण तळ्यावर जातो, निळे झेंडे घेऊन परततो. सावित्रीच्या पाण्यात काय मिसळते हे विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते, हे कबूल करतो.

"प्रश्न विचाराल तर पोरांच्या नोकऱ्या जातील," असे आपलेच कार्यकर्ते सांगतात. ही भीती खोटी नाही, ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेट बंद करतो. पण बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते तेव्हा त्यांनी काम की जीव, असा पर्याय मजुरापुढे ठेवला नव्हता. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात १११-अ कलम आले: आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मागण्याचा कामगाराला हक्क. आमच्या वर्गातल्या एकालाही ते माहीत नव्हते. आम्ही समाजशास्त्रात एमए केले, आम्हालाही उशिराच कळले.

मागच्या रविवारी पोराने लेबलचा फोटो आणला. आम्ही सीएएस नंबर वहीत उतरवला, कारण नाव बदलले तरी तो नंबर बदलत नाही. मग खालची बारीक ओळ मराठीत वाचून दाखवली : हातमोजे घालूनच हाताळावे.

त्याला आजवर एकही जोडी मिळालेली नाही. सोमवारी तो आणि त्याच्या पाळीतले चौघे मिळून मागणार आहेत.