ओवाळणीच्या पैशांची मालकी

चि. सौ. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. दिवाळीत मुलांच्या हाती आलेले पैसे कोणी ठेवायचे आणि कोणी खर्चायचे, हा पत्रातला प्रश्न घराघरांत वळणाचा, शिस्तीचा प्रश्न म्हणून हाताळला जातो. आईला वाटते की मुलगी ते उडवील, मुलीला वाटते की आपल्या ताम्हनात पडलेले पैसे आईने कपाटात का ठेवावेत, आणि शेवटी ‘मोठी झालीस की देईन’ या वाक्यावर चर्चा थांबते. वास्तविक हा वाद वळणाचा नसून मालकीचा आहे, आणि त्यात आई आणि मुलगी या दोघींचेही म्हणणे, वेगवेगळ्या अर्थांनी, बरोबर आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहावी, कारण ती थोडक्यात सांगता येते. भारतीय करार कायदा (१८७२) अठरा वर्षांखालील व्यक्तीला, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ व्यक्तीला, करार करण्यास अपात्र ठरवतो आणि असा करार मुळातच निरर्थक असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात ठरवून दिले. मात्र देणगी हा करार नव्हे, तिच्यात मोबदला नसतो, त्यामुळे अज्ञान मूलही देणगीचे मालक होऊ शकते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा (१९५६) आईवडिलांना अशा मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार देतो, परंतु तो मुलाच्या हितासाठी आवश्यक किंवा रास्त असलेल्या कृत्यांपुरताच. म्हणजे मुलीच्या ओवाळणीतून तिच्या शाळेची फी भरली तर त्याबद्दल वाद घालता येईल, पण त्याच पैशांतून घराचा पडदा आला तर वादाला जागाच उरत नाही. चीनमध्ये नववर्षाला मुलांना लाल पाकिटातून पैसे देण्याची रीत आहे आणि तेथे हे पैसे आईवडिलांनी परस्पर खर्च केल्याचे वाद न्यायालयापर्यंत जाऊन पैसे मुलाचेच असल्याचे निकाल लागलेले आहेत. महाराष्ट्रात असा खटला कोणी गुदरील असे वाटत नाही, आणि गुदरू नये हेच बरे.

आईची बाजू कायद्यात सापडत नाही. ती व्यवहारात सापडते. भाऊबीजेला मामेभावाने ताम्हनात पाचशे एक रुपये घातले, तर ते केवळ भाचीच्या किंवा बहिणीच्या कौतुकाचे पैसे नसतात. त्या घरातल्या मुलीने ओवाळले तेव्हा या घराकडून किती गेले होते, याचे ते उत्तर असते आणि पुढच्या वर्षी या घराकडून किती जायला हवे, याची ती सूचनाही असते. लग्नातल्या आहेराची यादी उघडपणे वहीत लिहिली जाते, ओवाळणीची यादी घरातल्या बायकांच्या डोक्यात असते, एवढाच फरक. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे मांडले की देणगी वरून ऐच्छिक दिसली तरी तिच्यात देण्याचे, घेण्याचे आणि परत करण्याचे असे तिहेरी बंधन असते. मोसने उदाहरणे पॉलिनेशिया, मेलानेशिया आणि अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील समाजांची घेतली, पण दिवाळीच्या आठवड्यात कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात बसला असता तरी त्याचे काम झाले असते. परतफेडीचा भार घर उचलते, म्हणून आवक घराची, असे आईचे न बोललेले गणित असते, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते चुकीचे नाही.

चूक आहे ती न बोलण्यात. मुलीला केवळ ताम्हन दिसते. दुसऱ्या बाजूला बाबांच्या पाकिटातून निघालेल्या नोटा तिला दिसत नाहीत, कारण त्या लहान भावाच्या मुठीत कोंबून त्याच्याकडून दुसऱ्या ताम्हनात टाकवल्या जातात. येथे मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील (१८८२) एका तरतुदीची आठवण होते, जरी ती ओवाळणीसाठी लिहिलेली नाही: एखाद्या बंधनाचा भार असलेली देणगी अज्ञान व्यक्तीने स्वीकारली तर ती त्या भाराने बांधली जात नाही, मात्र सज्ञान झाल्यावर, भाराची जाणीव असतानाही तिने ती मालमत्ता स्वतःकडे ठेवली, तर ती बांधली जाते. कुटुंबातही असेच घडते. नोकरीला लागलेला भाऊ पहिल्यांदा स्वतःच्या पगारातून ओवाळणी घालतो तेव्हा तो या देवघेवीत सज्ञान होतो. तोपर्यंत त्याला कोणी काही समजावून सांगितलेले नसते, हे विशेष.

मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्याला येणाऱ्या पैशांत जो फरक पडतो, त्याकडेही सहसा कोणी लक्ष देत नाही. मुलगी पाडव्याला वडिलांना ओवाळते, भाऊबीजेला सख्ख्या-चुलत-मावस-मामे भावांना ओवाळते, राखीपौर्णिमेला पुन्हा हाच क्रम होतो. मुलाला मात्र आजीआजोबांच्या पाया पडल्यावर मिळतात तेवढेच, आणि वर तोच ‘देणारा’ म्हणून मिरवतो. ज्या घरात एकच मुलगा आणि एकच मुलगी आहे, तेथे वडिलांचे पैसे मुलाच्या हातून मुलीच्या ताम्हनात आणि ताम्हनातून आईच्या कपाटात, असा प्रवास करून मूळ जागी परततात. या प्रवासाला अर्थ नाही असे नव्हे, परंतु त्यातून मुलगा देण्याची ऐट शिकतो आणि मुलगी घेण्याची सवय शिकते, आणि दोघांपैकी कोणीही पैसा हाताळायला शिकत नाही.

आता मुले या पैशांचे प्रत्यक्षात काय करतात ते पाहावे. मोठ्यांच्या समजुतीप्रमाणे ती ते उधळतात. बारकाईने पाहिले तर ती त्यांची वर्गवारी करतात. समाजशास्त्रज्ञ विवियाना झेलायझर यांनी १९९४ सालच्या पुस्तकात दाखवून दिले की माणसे सर्व रुपये सारखे मानत नाहीत, ती कोठून आले यावरून त्यांना खूण करून वेगळे ठेवतात; अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ साली नोबेल मिळाले, यांनी याच प्रवृत्तीला मनातल्या मनात ठेवलेल्या खात्यांची उपमा दिली आणि अवचित आलेला पैसा माणूस पगारापेक्षा सैल हाताने खर्चतो असे सांगितले. मुलांची खाती यापेक्षाही बारीक असतात. पाकिटावर चिकटवलेला एक रुपया हा जवळजवळ पैसाच नसतो, तो शकुनाचा. आजीने निघताना हातावर ठेवलेली नोट गुप्त, तिचा उल्लेख आईसमोर होत नाही. काकांची कोरी नोट मोडायची नसते. आणि जुनी, मऊ पडलेली नोट मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात बिनदिक्कत जाते. खर्चाचे वेळापत्रकही सणाच्या रचनेमुळे ठरते: किल्ल्यावरचे मातीचे मावळे, टिकल्या आणि भुईचक्रे ही आईवडिलांच्या पैशांतून वसुबारसेच्या आधीच येऊन गेलेली असतात, तर ओवाळणी अगदी शेवटी, भाऊबीजेला, बाजार ओसरल्यावर मिळते. त्यामुळे हा पैसा सणावर खर्च होतच नाही. तो उरलेल्या सुट्टीवर, म्हणजे स्टंप, चेंडू, वर्गणी काढून आणलेली भेळ, चित्रकलेचे रंग यांवर खर्च होतो, किंवा मग मातीच्या गल्ल्यात पडतो. त्या गल्ल्याला फक्त आत जायची फट असते, हा त्याचा गुण मानला जातो. वास्तविक जो गल्ला फोडल्याशिवाय उघडत नाही तो बचत शिकवतो, निवड शिकवत नाही.

मराठी बालमनावर या बाबतीत ‘श्यामची आई’चा मोठा ठसा आहे. खाऊसाठी मिळालेले पैसे साठवून श्याम धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो, ही गोष्ट पिढ्यानपिढ्या मुलांना ऐकवली गेली. गोष्ट हृद्य आहे यात शंका नाही. परंतु तिचा वापर बहुधा असा होतो की मुलाने स्वतःसाठी खर्च करणे हे किंचित लाजिरवाणे ठरावे. साने गुरुजींच्या श्यामने कोट शिवला तो कोणी सांगितले म्हणून नव्हे. पैसे त्याच्याजवळ होते, ते कसे खर्चायचे हे ठरवण्याची मुभा त्याला होती, आणि म्हणूनच त्या त्यागाला किंमत आली. ज्या मुलाचे पैसे कपाटात बंद आहेत त्याला उदार होण्याचीही सोय नसते.

अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. पुण्याचा मामा, दुबईची मावशी, अमेरिकेतले काका ओवाळणी मोबाइलवरून पाठवतात आणि ती आईच्या किंवा बाबांच्या खात्यात जमा होते. ताम्हनात नोट पडत नाही, सुपारी फिरते, औक्षण होते आणि पडद्यावर एक संदेश वाजतो. पूर्वी कपाटात जाण्याआधी निदान घटकाभर पैसे मुलीच्या हातात असत, ती ते मोजत असे, लपवत असे, बहिणीच्या पैशांशी ताडून पाहत असे. आता तेही नाही, आणि महिनाअखेरीस त्या खात्यातून विजेचे बिल गेले की ओवाळणी कोणती आणि पगार कोणता हे कोणालाच सांगता येत नाही. कोणाचीही लबाडी नसताना मुलीचे पैसे अशा रीतीने नाहीसे होतात.

तेव्हा पत्रातल्या प्रश्नाला उत्तर असे. मुलगी अकरा वर्षांची आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना दिली होती आणि २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने ती पुन्हा स्पष्ट केली. रकमेची मर्यादा आणि इतर अटी प्रत्येक बँक स्वतः ठरवते, आणि खात्यात असेल त्याहून जास्त काढता येत नाही. मोबाइलवर आलेली ओवाळणी त्याच दिवशी त्या खात्यात वळती करावी. खाते उघडण्याआधी मात्र एका संध्याकाळी तिच्यासमोर दोन्ही याद्या मांडाव्यात, कोणाकडून किती आले आणि त्यांच्या घरी किती गेले. अकरा वर्षांच्या मुलीला वजाबाकी येते. परतफेडीसाठी तिच्या पैशांतून काही कापून घेणे मात्र योग्य होणार नाही, कारण ते नाते मोठ्यांनी जोडलेले आहे. तिला केवळ ठाऊक असणे पुरे. आलेल्या रकमेचा एक लहान भाग रोख तिच्या हाती द्यावा आणि त्याचा हिशेब मागू नये. त्यातून तिने चकचकीत, दोन दिवसांत मोडणारे काही आणले, तर त्यावर बोलण्याचा मोह आवरावा. तो माल किती टिकतो हे ती स्वतः पाहील, आणि पुढच्या वर्षीही तसलेच काही आणील, हेही शक्य आहे.

धाकटा सहा वर्षांचा असल्याने त्याचे खाते अजून पालकांनाच चालवावे लागेल. त्याच्या नावावर आलेले पैसे घरखर्चात गेले असतील तर तेवढे पुन्हा भरून ठेवावेत, आणि पुढच्या भाऊबीजेला बहिणीच्या ताम्हनात काय घालायचे ते त्याला आदल्या दिवशी विचारावे. त्याने दहाची नोट सांगितली, तर दहाचीच घालू द्यावी.

कळावे. मुलांना आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार.

मामा